‘सर्व्हाइव्ह’ वापरताना या चुका टाळा: कोण गेलं आणि कोण मागे उरलं?

‘सर्व्हाइव्ह’ म्हणजे वाचणे, एवढंच आपण पाठ करतो आणि घोटाळा तिथेच सुरू होतो. माझ्याकडे तपासायला आलेल्या एका अनुवादात, निधनाच्या बातमीतलं ‘ही इज सर्व्हाइव्ह्ड बाय हिज वाइफ अँड टू सन्स’ हे वाक्य असं उतरलं होतं: ‘पत्नी व दोन मुलांनी त्यांना वाचवले.’ ज्यांच्या घरातला माणूस गेला त्यांनी हे वाचलं असतं, या विचारानेच मला कसंतरी झालं.

शब्दाचं मूळ लॅटिन. ‘सुपर’ म्हणजे पलीकडे, ‘विवेरे’ म्हणजे जगणे. दुसऱ्याच्या मरणापलीकडे जगणं, म्हणजेच मागे उरणं. आपल्याकडे त्यासाठी नेमकी शब्दरचना आहे: ‘त्यांच्या पश्चात पत्नी व दोन मुलगे असा परिवार आहे.’

‘इज’ काढलं की मात्र बाजू पालटते. ‘क्वीन व्हिक्टोरिया सर्व्हाइव्ह्ड प्रिन्स अल्बर्ट’ यात आधी गेला तो राणीचा नवरा अल्बर्ट, १८६१ मध्ये. राणी १९०१ पर्यंत जगली. पुढे ‘बाय निअरली फॉर्टी इयर्स’ जोडलं, तर तो ‘बाय’ माणसं नाही, काळ सांगतो. घाईत वाचणारे इथे हमखास फसतात.

दुसरी चूक आपल्या विभक्तीतून येते. आपण अपघातातून वाचतो, म्हणून ‘सर्व्हाइव्ह्ड फ्रॉम द ॲक्सिडेंट’ लिहून मोकळे होतो. ‘फ्रॉम’ काढा. ‘आउटलिव्ह’ म्हणजे दुसऱ्यापेक्षा जास्त जगणे; ‘आउटलिव्ह्ड दॅन’मधला ‘दॅन’ही काढा, कारण ‘पेक्षा’ त्या ‘आउट’मध्येच आहे. ‘सर्व्हाइव्ह ऑन’ मात्र चालतं: तुटपुंज्या कमाईवर दिवस काढणे.

वस्तू जास्त टिकली तर ‘आउटलास्ट’. मंगळावरची ‘ऑपर्च्युनिटी’ ही रोव्हर ९० मंगळदिवसांच्या कामासाठी पाठवली होती. २००४ मध्ये उतरली, २०१८ पर्यंत संपर्कात राहिली. तिची जोडीदार ‘स्पिरिट’ २०१० मध्येच गप्प झाली होती. म्हणून ‘ऑपर्च्युनिटी आउटलास्टेड स्पिरिट’.

‘आउटलिव्ह’ बहुधा माणसांसाठी, पण ‘इट हॅज आउटलिव्ह्ड इट्स यूसफुलनेस’ वस्तूंबद्दल, नियमांबद्दलही म्हणतात. ‘अजूनही उपयोगी आहे’ असं त्याचं भाषांतर मी पाहिलंय. अर्थ नेमका उलटा: उपयोग संपला, वस्तू तेवढी उरली.