पोकरचा हात वाचताना या चुका टाळा

पोकरमधील हातांची, म्हणजे पाच पानांच्या जुळणींची, उतरंड पाठ करायला फार वेळ लागत नाही. रॉयल फ्लश (एकाच रंगाची दश्शी ते एक्का), स्ट्रेट फ्लश (एकाच रंगाची ओळ), फोर ऑफ अ काइंड (चार सारखी पाने), फुल हाउस (एक तिकडी व एक जोडी), फ्लश (पाचही पाने एकाच रंगाची), स्ट्रेट (ओळीने पाच पाने), थ्री ऑफ अ काइंड (तीन सारखी पाने), दोन जोड्या, एक जोडी आणि सर्वांत शेवटी नुसते मोठे पान, अशी ही दहाच नावे आहेत. तरीही ती घडाघडा म्हणून दाखवणारे खेळाडू ऐन डावात चुकतात, कारण आपला हात नेमका कोणत्या पाच पानांचा झाला आहे, हेच त्यांनी नीट पाहिलेले नसते.

फ्लश वर की स्ट्रेट?

क्रमात घोटाळा होतो तो बहुधा इथे. ५२ पानांच्या कॅटमधून पाच पानांचे २५,९८,९६० वेगवेगळे हात पडू शकतात. त्यांत साधे स्ट्रेट १०,२०० आणि साधे फ्लश ५,१०८ असतात, आणि जो हात दुर्मीळ तो वरचढ, म्हणून फ्लश स्ट्रेटला हरवतो. तीन पानांचे खेळ खेळून आलेल्यांना हे उलटे वाटते आणि त्यात त्यांचा दोष नाही, कारण तीन पानांत एकाच रंगाचे १,०९६ हात पडतात तर ओळीचे ७२०च, त्यामुळे तिथे ओळ खरोखरच वर असते. रंग म्हणजे इथे बदाम, चौकट, किलवर किंवा इस्पिक; बदाम आणि चौकट दोन्ही लाल दिसतात म्हणून त्यांचा मिळून फ्लश होत नाही.

सहावे पान मोजू नका

टेक्सास होल्डेम या पोकरच्या प्रकारात हातातील दोन आणि टेबलावरील पाच अशा सात पानांतून सर्वोत्तम पाच निवडायची असतात आणि उरलेली दोन त्या डावापुरती नसल्यासारखीच असतात. समजा, तुमच्याकडे सत्तीची जोडी आहे आणि टेबलावर राजा, राजा, नव्वी, नव्वी, एक्का अशी पाने उघडली आहेत. आपल्याकडे तीन जोड्या झाल्या असे वाटून हात पॉटकडे, म्हणजे मध्ये जमलेल्या पैजेच्या रकमेकडे, जातो. पण पोकरमध्ये तीन जोड्या नावाचा हातच नाही. तुमचा हात दोन राजे, दोन नव्व्या आणि एक्का असा आहे, तो सगळा टेबलावरच पडलेला आहे, आणि समोरच्याकडे नुसती राणी आणि गुलाम असले तरी पॉट दोघांत निम्मा वाटला जातो.

किकरचे, म्हणजे जोडीसोबत मोजल्या जाणाऱ्या सुट्या पानाचेही तसेच. टेबलावर एक्का, राजा, राणी, गुलाम, नव्वी अशी पाने असतील आणि कोणाचाही फ्लश होत नसेल, तर एक्का-सत्ती आणि एक्का-पंजी यांची बरोबरी होते, कारण एक्क्यांच्या जोडीसोबत राजा, राणी आणि गुलाम आले की पाच पाने भरतात आणि सत्तीला जागाच उरत नाही.

याच नियमातून आणखी एक चूक उलगडते, आणि माझ्या मते ती सर्वांत फसवी आहे. हातात बदाम राजा व बदाम दुर्री, टेबलावर बदामाची पंजी, छक्की, सत्ती आणि त्यांच्याबरोबर इस्पिक अठ्ठी व किलवर नव्वी. ओळही आहे आणि पाच बदामही आहेत, पण हा स्ट्रेट फ्लश नव्हे, कारण ओळीतील पाचही पाने बदामाची नाहीत. हा राजाचा फ्लश आहे आणि तेवढेच त्याचे मोल.

तुलना करताना

दोन फुल हाउस समोरासमोर आले की आधी तिकडी पाहावी. तीन अठ्ठ्या व दोन दुर्र्या हा हात तीन तिर्र्या व दोन एक्के यांना हरवतो. दोन जोड्यांत मोठी जोडी आधी मोजली जाते, त्यामुळे राजा-दुर्रीच्या जोड्या राणी-गुलामाच्या जोड्यांहून वर ठरतात. एक्का ओळीच्या वरच्या किंवा खालच्या टोकाला बसतो, मध्ये कधीच नाही. म्हणून राणी, राजा, एक्का, दुर्री, तिर्री ही ओळ होत नाही, आणि एक्क्यापासून पंजीपर्यंतची ओळ पंजीची, म्हणजे सर्वांत लहान, धरली जाते. इस्पिक बदामाहून मोठे, असा समज अनेकांचा असतो. हात ठरवताना चारही रंग सारखेच असतात.

खेळ बदलला की नियमही तपासा

ओमाहा या पोकरच्या दुसऱ्या प्रकारात हातातील चार पानांपैकी नेमकी दोनच आणि टेबलावरील नेमकी तीनच वापरावी लागतात. टेबलावर चार बदाम आहेत आणि तुमच्याकडे एकटा बदाम एक्का आहे, तर होल्डेममध्ये तो फ्लश झाला असता. ओमाहात होत नाही. ३६ पानांच्या शॉर्ट डेकमध्ये प्रत्येक रंगाची नऊच पाने असल्याने फ्लश दुर्मीळ होतो आणि म्हणून तो फुल हाउसच्याही वर जातो.

शेवटी पाने दाखवताना होणारी चूक सर्वांत महाग पडते. समोरच्याने "फ्लश" म्हटले म्हणून आपली पाने पालथी टाकू नका. दोन्ही पाने टेबलावर सरळ उघडी ठेवा, कारण सर्वसाधारण नियमानुसार निकाल तोंडाने सांगितलेल्या नावावर नव्हे तर दिसणाऱ्या पानांवर लागतो. तुमच्या लक्षात न आलेली ओळ डीलरला किंवा शेजाऱ्याला दिसू शकते, पण टाकून दिलेल्या पानांत मिसळलेला हात सहसा परत मिळत नाही.