अँड्रॉइड लेआउटमधल्या आयडीच्या या चुका टाळा

बिल्ड बिनतक्रार होतं, अ‍ॅप उघडतं, पण शीर्षकाखाली दिसायला हवं ते बटण डावीकडे वरच्या कोपऱ्यात जाऊन बसलेलं असतं. स्क्रीनची मांडणी सांगणाऱ्या एक्सएमएल फाइलमध्ये, म्हणजे लेआउटमध्ये, ‘अमक्याच्या खाली ठेव’ असं सांगणारं ‘लेआउट_बिलो’ तर दिसतंय. अशा वेळी मार्जिनशी झटापट करण्याआधी त्या ओळीतलं आयडीचं, म्हणजे घटकाच्या ओळखनावाचं, स्पेलिंग बघा. आणि त्या आयडीच्या आधी प्लसचं चिन्ह आहे का, तेही.

‘@+आयडी/टायटल’ म्हणजे या नावाचा आयडी नसेल तर नवा बनव. ‘@आयडी/टायटल’ म्हणजे आहे तोच वापर. आता घाईत बिलोच्या ओळीत ‘@+आयडी/टायटेल’ पडलं, तर बिल्डचं टूल निमूटपणे ‘टायटेल’ हा नवा आयडी बनवून मोकळं होतं. त्या आयडीचा व्ह्यू (बटण, मजकूर असा स्क्रीनवरचा घटक) कुठेच नाही, म्हणून घटक एकमेकांच्या संदर्भाने मांडणारा रिलेटिव्हलेआउट तो नियम सोडून देतो. तशाच कामाच्या कॉन्स्ट्रेंटलेआउटमध्येही तेच. प्लस नसता तर बिल्ड तिथेच अडलं असतं आणि नेमकी ओळ हाती लागली असती.

तेव्हा प्लस फक्त व्ह्यूच्या स्वतःच्या आयडीला, संदर्भ देताना नाही. जुन्या एएपीटीला (बिल्डमध्ये लेआउट फाइलींवर प्रक्रिया करणाऱ्या टूलला) आयडी पहिल्यांदा येईल तिथेच जाहीर केलेला लागायचा, त्यामुळे संदर्भालाही प्लस लावत. 2017 मध्ये बिल्ड चालवणाऱ्या ग्रेडलच्या अँड्रॉइड प्लगिन 3.0 सोबत त्याची नवी आवृत्ती एएपीटी2 डिफॉल्ट झाली आणि ती अडचण संपली. कॉपी-पेस्टमधून प्लस मात्र फिरतोच आहे.

प्लस काढला तरी निर्धास्त होऊ नका. आयडी अख्ख्या अ‍ॅपचे सामायिक असतात. ‘टायटेल’ दुसऱ्या एखाद्या फाइलमध्ये असेल तर बिल्ड पुन्हा सुखरूप पार पडेल. कोडमधल्या चुका शोधणाऱ्या लिंट या टूलची ‘अननोनआयडीइनलेआउट’ ही सूचना त्यासाठीच आहे, ती बंद करू नका. कोडमधून आयडीवरून व्ह्यू शोधणाऱ्या ‘फाइंडव्ह्यूबायआयडी’ला दुसऱ्याच स्क्रीनचा आयडी दिला की नल (म्हणजे काहीच नाही) मिळतो आणि अ‍ॅप कोसळतं, त्याचंही मूळ हेच. व्ह्यू बाइंडिंग (प्रत्येक लेआउटमधले व्ह्यू कोडला आपोआप जोडून देणारी सोय) वापरलंत तर हा प्रकार बहुतेक मिटतो.

सगळ्यात फसवी चूक म्हणजे एकच आयडी दोनदा. समजा, पत्त्याच्या फॉर्मची लेआउट फाइल तुम्ही ‘इन्क्लूड’ने (एका लेआउटमध्ये दुसरा घेणारा टॅग) दोनदा घेतली: कायमचा पत्ता आणि सध्याचा पत्ता. एकात कोल्हापूर, दुसऱ्यात पुणे भरलं, फोन आडवा केला, आणि दोन्हीकडे पुणे! व्ह्यूची स्थिती आयडीनुसार साठवली जाते, त्यामुळे नंतरची नोंद आधीचीवर बसते. ‘इन्क्लूड’ला वेगळे आयडी देऊन भागत नाही, आतल्या एडिटटेक्स्टचे (मजकूर भरायच्या चौकटींचे) आयडी वेगळे हवेत. उलट, आयडीच नसलेल्या एडिटटेक्स्टमधला मजकूर फोन फिरवताच जातो.

‘इन्क्लूड’ची आणखी एक खोड. आतल्या फाइलचा रूट, म्हणजे सर्वांत बाहेरचा टॅग, ‘मर्ज’ असेल तर तो स्वतः व्ह्यू बनत नाही, त्यामुळे ‘इन्क्लूड’वरचा आयडी लागायला व्ह्यूच उरत नाही. व्ह्यू बाइंडिंगमध्ये हे बिल्डला कळत नाही, स्क्रीन उघडताना क्रॅश होतं. अशा वेळी तो आयडी काढून टाका.

आणि लिस्टफ्रॅगमेंटला (यादी दाखवणारा स्क्रीनचा तयार भाग) स्वतःचा लेआउट देत असाल, तर यादीचा आयडी ‘@अँड्रॉइड:आयडी/लिस्ट’ असाच लागतो. तो सिस्टिमचा आयडी आहे. ‘@+आयडी/लिस्ट’ लिहिलंत तर वेगळाच आयडी तयार होईल आणि एक्सेप्शन, म्हणजे चालू असतानाची चूक, येईल.