सायकलवरून जाताना पाट्या आणि पट्टे वाचायच्या या चुका टाळा

सायकलला लायसन लागत नाही, त्यामुळे रस्त्यावरच्या पाट्या पाठ करायची वेळ सायकलवाल्यावर येत नाही. मोटरसायकलवाला निदान लर्निंग लायसनपुरता तरी तो तक्ता डोळ्यांखालून घालतो. आपण कोल्हापूरकर थेट रंकाळ्याला फेरी मारायला निघतो, मग पन्हाळा, मग हायवे. पाट्या बघून बघून कळतात असं वाटतं, पण त्या अर्धवटच कळतात, कारण आपली नजर आधी चित्रावर जाते. आधी आकार आणि रंग बघायचा, चित्र त्यानंतर.

सायकलचं चित्र म्हणजे सायकलचा रस्ता, हा समज

लाल किनारीच्या त्रिकोणात सायकल असेल, तर ती पाटी मुख्यतः मोटारवाल्यांसाठी आहे: पुढे सायकली आडव्या येतात, जपून. तिथं सायकलला खास हक्क मिळालेला नसतो, उलट ती जागा धोक्याची असते. लाल गोलात सायकल आणि तिच्यावर तिरकी रेघ असेल, तर सायकलला बंदी. निळ्या गोलात पांढरी सायकल असेल, तरच तो सायकलींसाठी राखलेला मार्ग. चित्र तिन्हीकडे जवळजवळ सारखंच असतं.

लाल गोलात फक्त मोटार आणि मोटरसायकल दाखवली असेल, तर बंदी मोटार वाहनांना आहे, सायकल नेता येते. पण लाल किनारीचा गोल आतून कोराच असेल, तर कुठलंच वाहन जात नाही, सायकलही नाही. चित्र पुसून गेलंय असं समजून लोक खुशाल आत घुसतात.

‘सायकलच आहे, जाऊ दे की’

अंबाबाईच्या देवळाभोवतीच्या पेठांमध्ये, महाद्वार रोडच्या आसपास हे वाक्य रोज ऐकू येतं. नो एंट्रीचा लाल गोल आणि त्यातली पांढरी आडवी पट्टी सायकललाही लागू आहे. नवरात्रात तर तात्पुरत्या पाट्या आणि बॅरिकेड लावून रस्ते वळवतात, तेव्हा कालचा पाठ असलेला रस्ता आज उपयोगाचा नसतो. एकेरी रस्त्यावर उलट दिशेनं येणाऱ्या सायकलीकडे कुणी बघतच नाही, कारण गल्लीतून बाहेर पडणारा रिक्षावाला वाहनं जिकडून यायची तिकडंच मान वळवतो. घाई असेल तर उतरा आणि कडेनं सायकल ढकलत न्या.

सिग्नलला डावीकडच्या बाणावर उभं राहणं

सगळ्यात जास्त गोंधळ इथं होतो. सायकलवाल्यानं डावी बाजू धरायची, हे आपल्या अंगात मुरलेलं असतं. म्हणून दसरा चौकासारख्या मोठ्या चौकात सरळ जायचं असलं तरी आपण अगदी डावीकडच्या कोपऱ्यात जाऊन थांबतो. रस्त्यावर तिथं डावीकडे वळणारा बाण रंगवलेला असला, तर ती जागा वळणाऱ्यांची. मागं केएमटी, म्हणजे शहर बस, येऊन उभी राहते, तिला डावीकडे वळायचं असतं, ती हॉर्नवर हॉर्न देते. सिग्नल सुटला की ती वळते आणि आपण सरळ जातो, म्हणजे बसच्या पुढच्या चाकाच्या वाटेतच. वळताना बसची मागची चाकं पुढच्या चाकांपेक्षा आत येतात, त्यामुळे बस आणि फुटपाथ यांच्यामधली मोकळी जागा बघता बघता संपते.

यावर उपाय सोपा आहे. चौकाच्या बराच अलीकडे मागं वळून बघा, हात दाखवा आणि सरळच्या बाणाच्या लेनमध्ये या. थांबायचं ते थांबारेषेच्या अलीकडे. झेब्रा पट्ट्यांवर चाक नको, ती जागा चालणाऱ्यांची. ‘डावीकडे मोकळे वळण’ अशी पाटी असेल तिथं तर डावा कोपरा अजिबात अडवू नका.

उजवीकडे वळायचं असेल आणि वाहतूक अंगावर येत असेल, तर रस्ता तिरका कापत उजव्या लेनला जायची जबरदस्ती नाही. हिरव्यावर सरळ पलीकडे जा, तिथल्या डाव्या कोपऱ्याला झेब्रा सोडून थांबा, सायकल वळवून घ्या आणि त्या रस्त्याचा सिग्नल सुटला की निघा. दोन सिग्नल लागतात, पण ताराराणी चौकात संध्याकाळी हाच मार्ग शहाणपणाचा.

हायवेची पांढरी रेघ म्हणजे सायकल लेन नव्हे

पुणे-बेंगळुरू महामार्गावर डाव्या कडेची सलग पांढरी रेघ डांबरी रस्त्याची कड दाखवते. तिच्या पलीकडे साइडपट्टी. आपण त्या रेघेवरून रुळावरच्या गाडीसारखे जात राहतो. पण जिथं सर्व्हिस रोड फुटतो किंवा येऊन मिळतो, तिथं ती रेघ डावीकडे वळते किंवा तुटक होते, आणि मधल्या त्रिकोणात तिरके पट्टे मारलेले असतात. त्या पट्ट्यांवर वाहन नेऊ नये असा त्याचा अर्थ. रेघ तुटक दिसली की समजायचं, इथं गाड्या आडव्या येणार: मागून येणारा ट्रक आपल्या पुढ्यातून डावीकडे कापेल, किंवा डावीकडून कुणी वेगात आत शिरेल. शिरोली, उचगाव, गोकुळ शिरगावकडे जाताना सर्व्हिस रोड मिळतो तिथं सरळ तोच धरा. गळीत हंगामात तर नक्कीच. डबल ट्रॉलीचा ट्रॅक्टर ओव्हरटेक होताना मागची ट्रॉली डुलते, आणि साइडपट्टीवर पडलेल्या उसाच्या कांडीवरून बारीक टायर घसरतोच.

पट्टा वाचायचा, पण त्यावर ब्रेक दाबायचा नाही

रस्त्यावरचे जाड पांढरे पट्टे बहुतेकदा गरम करून ओतलेल्या थर्मोप्लास्टिकचे असतात. कोरडे असताना काही नाही, पण पावसाळ्यात डांबरापेक्षा कितीतरी गुळगुळीत होतात. आणि कोल्हापूरचा पाऊस काही थोडका नसतो. झेब्रावर, बाणावर, रम्बलरच्या पट्ट्यांवर सायकल सरळ ठेवा. ब्रेक आधी लावून घ्या, हँडल नंतर वळवा. लेनच्या रेघेवर बसवलेल्या चकाकत्या खुंट्याही अशाच, तिरक्या चाकानं त्यांच्यावर गेलं की हँडल हातातून निसटतं.

पन्हाळ्याहून वाघबीळकडे उतरताना हे जास्त लक्षात ठेवायचं. तीव्र उताराची आणि नागमोडी वळणाची पाटी वळणाच्या आधी लावलेली असते, ती वेग कमी करायला जागा मिळावी म्हणूनच. पाटी दिसली की तिथंच वेग तोडा. मधली रेघ सलग असेल तर वळण आतून कापू नका, समोरून येणारा वडापवालाही (शेअर जीपवाला) बऱ्याचदा तेच करत असतो.

पाटी दिसतच नसेल तर

झाडाची फांदी किंवा कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स (आपल्याकडे वाढदिवस काही कमी नाहीत) पाटी झाकून टाकतो. तरी आकारावरून अंदाज येतो. अष्टकोनी पाटी फक्त ‘थांबा’ची आणि उलटा त्रिकोण फक्त ‘रस्ता द्या’चा, त्यामुळे या दोन्ही पाठीमागूनही ओळखता येतात. समोरच्या फाट्यावर अष्टकोनाची पाठ दिसली, तर थांबायचं त्या रस्त्यानं. तो थांबेलच असं नाही, म्हणून हात ब्रेकवर असू द्या.

रात्री पाट्या उजळत नाहीत अशी तक्रार असेल, तर आधी आपला दिवा बघा. हँडलवरचा दिवा खाली रस्त्यावर रोखलेला असतो, उंच पाटीपर्यंत त्याचा उजेड पोचत नाही. पाटीवरचा चकाकणारा कागद उजेड आला त्याच दिशेनं परत पाठवतो. म्हणून हेल्मेटवर एक छोटा दिवा लावा. तो डोळ्यांच्या जवळ असतो, मान वर केली की पाटी लगेच वाचता येते. समोरच्याच्या डोळ्यांत मात्र तो मारू नका.

पाटी मोडलेली, वाकलेली किंवा पट्टे पुसलेले दिसले, तर शहरात महापालिकेकडे कळवा, महामार्गावर 1033 या क्रमांकावर. फोटो आपण ज्या दिशेनं येत होतो तिथूनच काढा आणि जवळच्या दुकानाची किंवा किलोमीटरच्या दगडाची खूण सांगा. नाहीतर माणूस येतो, पलीकडची धड पाटी बघतो आणि परत जातो.