बेस गिटार घेताना, विकताना आणि खोलताना: या चुका टाळा

बेस वाजवणाऱ्याला दोन खाजा असतात. एक नवा बेस घ्यायची, दुसरी हातातला खोलायची. दोन्हींत मजा आहे आणि ती कुणी नाकारू नये. पण आपल्याकडे तालुक्याच्या ऑर्केस्ट्रात, भीमगीतांच्या कार्यक्रमांत, देवीच्या मंडपात नाहीतर चर्चमध्ये वाजवणारी पोरं "याले आवाजच नाही भाऊ, विकून टाकतो" म्हणत जे बेस दाखवायला आणतात, त्यांतल्या बहुतेकांना काहीही झालेलं नसतं. तारा मेलेल्या असतात, सेटअप, म्हणजे तारांची उंची आणि सुरांची जुळवणी, गेलेला असतो, नाहीतर केबल मिक्सरच्या चुकीच्या भोकात गेलेली असते. रोग दोन हजारांचा आणि इलाज वीस हजारांचा, असा हा प्रकार.

विकण्याआधी एवढं तपासा

पहिला संशय तारांवर घ्या. घाम, धूळ आणि गंज वेटोळ्यांत बसला की तार जड होते, झंकार जातो आणि बाराव्या फ्रेटवर (नेकवरच्या, म्हणजे बेसच्या मानेवरच्या, धातूच्या आडव्या पट्टीवर) सूर खोटा लागायला लागतो. अमेरिकन बेसवादक जेम्स जेमरसन तार तुटल्याशिवाय बदलत नसे, हे उदाहरण पोरं हमखास तोंडावर मारतात. खरं आहे. पण डेट्रॉइटच्या मोटाउन रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत वाजणाऱ्या त्याच्या १९६२ च्या फेंडर कंपनीच्या प्रिसिजन बेसवर जाड फ्लॅटवाउंड (चपट्या, गुळगुळीत गुंडाळीच्या) तारा होत्या आणि त्याला तोच दबका, गोल आवाज हवा होता. तुम्हाला स्लॅप (अंगठ्याने तार ठोकत) वाजवायचा असेल आणि बेसवर तीन वर्षांच्या राउंडवाउंड (गोल गुंडाळीच्या) तारा असतील, तर जेमरसनचं नाव घेऊ नका.

नवी तार लावताना एक बारीकशी चूक पूर्ण संच वाया घालवते. लांब आहे म्हणून तार आधी पकडीने कापतात आणि मग खुंटीत घालतात. बेसच्या तारेत मधे पोलादी गाभा आणि त्यावर गुंडाळी असते. सरळ तार कापली की गुंडाळी गाभ्यावरून सैल होऊ शकते, आणि ती तार कितीही ताणली तरी "ढब" असाच आवाज देते. म्हणून तार ब्रिजपासून (बॉडीवर तारा अडकतात त्या पट्टीपासून) खुंटीच्या पुढे साधारण १० सेंटीमीटर ठेवा, तिथे पकडीने काटकोनात मुडपा आणि मुडपलेल्या जागेच्या पलीकडे कापा. टोक खुंटीच्या मधल्या भोकात खाली पोचवा आणि वेटोळे वरून खाली उतरत जाऊ द्या, दोन-तीन पुरेत.

दुसरा संशय मिक्सरवर. कार्यक्रमात साऊंडवाला बेसची केबल सरळ लाइन इनपुटमध्ये खुपसतो. बॅटरी नसलेल्या, म्हणजे पॅसिव्ह बेसला पुढे १ मेगाओहमच्या आसपासचं इनपुट लागतं. मिक्सरचं लाइन इनपुट त्याच्या कितीतरी खाली, बरेचदा १०-२० किलोओहम असतं. तारांचा कंप पकडणाऱ्या पिकअपवर एवढा भार पडला की वरचा आवाज चेपला जातो आणि बेस गोधडीखालून वाजल्यासारखा येतो. मग पोरगा पिकअप बदलायला निघतो. त्यापेक्षा एक डीआय बॉक्स, म्हणजे बेस आणि मिक्सर यांच्या मधे लावायची जुळवणीची डबी, घ्या. पॅसिव्ह बेससाठी ॲक्टिव्ह (विजेवर चालणारा) डीआय चांगला, तो माइकच्या केबलमधून मिळणाऱ्या मिक्सरच्या ४८ व्होल्टच्या फँटम पॉवरवरही चालतो. तो तुमच्याच बॅगेत ठेवा, साऊंडवाल्याच्या भरवशावर राहू नका.

बेस ॲक्टिव्ह, म्हणजे बॅटरीवाला, असेल आणि आवाज आधी फाटून मग बसत गेला, तर ९ व्होल्टची बॅटरी संपली आहे. बहुतेक ॲक्टिव्ह बेसमध्ये केबल खोचली की सर्किट चालू होतं, वेगळा स्विच नसतो. कार्यक्रम संपल्यावर केबल तशीच ठेवून झोपलात की बॅटरी रात्रभर जळते. गावच्या दुकानात बहुधा साधी कार्बन-झिंक मिळते, ती लवकर बसते. जिल्ह्याला गेलात की अल्कलाइनच्या दोन आणून ठेवा.

घूं आवाज आणि करंट

घूं येत असेल तर तारांना हात लावून पाहा. हात लावल्यावर कमी झाला, तर ब्रिजपर्यंतचं ग्राउंडिंग ठीक आहे. उरलेल्या घूंसाठी बॉडीतल्या पिकअप-वायरींच्या पोकळीच्या आतून तांब्याची चिकटपट्टी लावून तिला ग्राउंड जोडा, बराच फरक पडेल. तारांना हात लावून काही होत नाही पण जॅकच्या धातूला लावल्यावर कमी होतो, तर ब्रिजखाली जाणारी वायर तुटली आहे. जॅझ बेसवर (दोन पिकअप आणि दोन व्हॉल्यूमचं फेंडरचं मॉडेल) दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडले की घूं जातो आणि एक कमी केला की परत येतो. तो दोष नव्हे, दोन्ही पिकअप एकमेकांचा घूं खोडतात म्हणून तसं होतं.

आता जी चूक जिवावर बेतू शकते ती. घूं घालवायला काही जण ॲम्पच्या प्लगची तिसरी पिन तोडतात किंवा टू-पिनमध्ये घुसवतात. हे कधीही करू नका. मंडपाची वायर कुठून ओढली आहे आणि अर्थिंग आहे की नाही हे आपल्याला माहीत नसतं. एका हातात बेसच्या तारा आणि ओठ माइकला, दोघांच्या मधे करंट खेळत असेल तर मुंग्यांवरच भागेल याची हमी नाही. तारेला टेस्टर लावा, माइकच्या जाळीला लावा. कुठेही दिवा लागला तर अर्थिंग होईपर्यंत वाजवणं बंद. आयोजक किती का घाई करेना.

कूलरसमोर टांगलेला बेस

आपल्याकडच्या हवेचं काय ते बोलूच. मे महिन्यात अकोला-चंद्रपूरला पारा ४५ च्या पुढे जातो, हवा कोरडी ठाक, आणि लाकूड आक्रसतं. फ्रेटबोर्ड (फ्रेट बसवलेली नेकवरची लाकडी पट्टी) आक्रसला की फ्रेटची टोकं बाहेर येऊन बोटाला करवतीसारखी लागतात. "कंपनीनं फिनिशिंगच खराब केलं" म्हणून तोच बेस उन्हाळ्यात पडेल त्या भावात विकला जातो. त्यावर दुसरं टोक म्हणजे बेस थंड राहावा म्हणून तो कूलरच्या झोतात भिंतीला टांगणं. कूलरची हवा ओली असते. दिवसभर ओल, रात्री कूलर बंद झाला की पुन्हा कोरडं. नेक वाकते-सरळ होते, तारा आणि ब्रिजचे स्क्रू गंजतात. बेस बॅगेत घालून आतल्या खोलीत, पत्र्याच्या छताखाली नाही अशा जागी ठेवा.

पावसाळा सुरू झाल्यावर आणि दिवाळीनंतर, असा वर्षातून निदान दोनदा नेक तपासावी लागते. चार तारांचा मिळून ७०-८० किलोचा ताण नेकवर असतो आणि त्याला तोलणारा लोखंडी दांडा म्हणजे ट्रस रॉड. तार सुरात आणा, पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तार व फ्रेट यांच्यातली फट बघा. जाड व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल, म्हणजे साधारण ०.३ मिलिमीटर, एवढी हवी. जास्त असेल तर ट्रस रॉडचा नट घड्याळाच्या दिशेने पाव फेरा फिरवा, पुन्हा सुरात आणा, थोडं थांबा, पुन्हा मोजा. फट अजिबात नसेल तर उलट पाव फेरा. जोर लावूनही नट फिरत नसेल तर तिथेच थांबा. ट्रस रॉड तुटला की बेस नीट करायचा खर्च बेसच्या किमतीला भिडतो.

तारेची उंची ट्रस रॉडने कमी करायला जाऊ नका, ते काम ब्रिजच्या सॅडलचं, म्हणजे तार टेकते त्या छोट्या सरकत्या तुकड्याचं. बाराव्या फ्रेटवर दोन-अडीच मिलिमीटर ठेवून बघा आणि हातानुसार बदला. शेवटी सूर: बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि दाबलेला सूर ट्यूनरवर जुळवा. दाबलेला चढा येत असेल तर सॅडल मागे (नेकपासून दूर), उतरता येत असेल तर पुढे. एवढं केल्यावर निम्म्या लोकांची विकायची खाज जिरते असा माझा अनुभव आहे.

घेताना

जुना बेस पेरणीच्या तोंडावर घ्या. जूनमध्ये बियाण्या-खताला पैसे लागतात आणि कार्यक्रम बंद असतात, तेव्हा लोक वाद्यं काढतात. गणपतीच्या आधी त्याच वस्तूचा भाव चढतो. मात्र समोरच्याची अडचण दिसत असेल तर फार घासाघीस करू नये, पुढच्या मोसमात त्याच स्टेजवर भेट होते.

विकणाऱ्याला आधी विचारा: "काहून विकून राह्यला भाऊ?" उत्तरापेक्षा ते द्यायला लागलेला वेळ जास्त सांगतो. मग सुतार फळी बघतो तसा बेस डोळ्यासमोर धरून बॉडीकडून नेकवर नजर टाका. जाड तारेची बाजू आणि बारीक तारेची बाजू वेगवेगळी वळलेली दिसली तर नेक पिळलेली आहे. ट्रस रॉड पीळ काढत नाही, तो बेस सोडा. हेडस्टॉक (खुंट्या असतात तो नेकचा शेंडा) जिथे सुरू होतो तिथे मागून चीर आहे का बघा. मागच्या स्क्रूंची डोकी झिजलेली असतील तर बेस बरेचदा उघडला आहे. चारही तारा प्रत्येक फ्रेटवर वाजवा. एकाच फ्रेटवर खरखर असेल तर तो फ्रेट उठलेला आहे, दुरुस्त होतो, पण भाव कमी करा. वीज नसण्याची सबब चालवून घेऊ नका, हेडफोनचा छोटा ॲम्प खिशात न्या.

मोठ्या नावाच्या मोहात नकली माल गळ्यात पडतो. सिरियल नंबर जुळला म्हणजे अस्सल असं समजू नका, नंबरही छापता येतो. आणि पाच तारांचा बेस हवा असेल तर खालच्या बी तारेचा मूळ सूर ३१ हर्ट्झचा असतो हे ध्यानात घ्या. गावच्या कार्यक्रमातल्या बहुतेक टॉपमधून (स्पीकरच्या पेट्यांतून) तो सूर निघतच नाही, चार तारांच्या ई चे ४१ हर्ट्झच कसेबसे निघतात. सरावासाठी घ्या, रुबाबासाठी नको.

खोलताना

खोलण्यातला खरा आनंद फुकटच्या कामांत आहे. ब्रिजजवळ तारांखाली स्पंजचा तुकडा सरकवा. फेंडरने जुन्या बेसच्या ब्रिजवरच्या झाकणात फोम लावला होता तो याचसाठी. जुनी हिंदी गाणी वाजवताना दुसरा बेस घेतल्यासारखं वाटेल. पट्टा निसटत असेल तर बटनावर पट्ट्यानंतर घट्ट रबरी वायसर चढवा. नेकचा स्क्रू भोकात नुसता फिरत असेल तर काडेपेटीच्या काड्या लाकडाच्या गोंदात बुडवून भोकात भरा, वाळू द्या, मग स्क्रू कसा.

पिकअप बदलायचाच असेल तर मागवण्याआधी मोजा. जॅझ बेसचे दोन्ही पिकअप एकाच लांबीचे नसतात, ब्रिजकडचा थोडा लांब असतो. हे न बघता दोन सारखे मागवले की मग छिन्नी निघते. बसवल्यावर दोन्ही एकत्र वाजवताना खालचा आवाज गायब झाला आणि नाकातून आल्यासारखा पातळ झाला, तर पिकअप खराब नाहीत, फेज उलटी आहे, म्हणजे एकाचा आवाज दुसऱ्याचा खोडतो. एकाच्या दोन वायरी अदलाबदल करा. पॅसिव्ह सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याच्या) पिकअपला २५० किलोओहमचे पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या फिरक्या) आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हे जुनं, चालणारं माप. तालुक्याचा टीव्ही मेकॅनिक हे काम उत्तम करतो, फक्त जुनी जोडणी उकलण्याआधी फोटो काढून त्याला कागदावर नकाशा द्या. मोबाइल दुरुस्तीच्या बारीक सोल्डरिंग इस्त्रीने पॉटच्या पाठीवर डाग बसत नाही, ४०-६० वॉटची लागते. पॉट खरखरत असेल तर काँटॅक्ट क्लीनर मारा, गंजलेल्या नट-बोल्टचा स्प्रे नको.

फ्रेट उपटून फ्रेटलेस (बिनफ्रेटचा) करायची हौस अमेरिकन बेसवादक जॅको पास्टोरियसपासून चालत आली आहे. त्याने फ्रेटबोर्डवर बोटीला लावतात तो इपॉक्सी (कडक राळेचा थर) चढवला होता, ही अर्धी गोष्ट लोक विसरतात. तो थर नसेल तर राउंडवाउंड तारा शिसवाला चरे पाडतात. फ्रेट सोल्डरिंग इस्त्रीने गरम न करता ओढला की कडेचे ढलपे निघतात. बोल्टने जोडलेली नेक असेल तर दुसरी स्वस्त नेक घेऊन तिच्यावर हात साफ करा.

आणि सागवान. आलापल्ली-बल्लारपूरचं सागवान घरात पडलंय, सुतार ओळखीचा आहे, तर बॉडी करू, हा विचार आपल्या भागात कुणाला सुचला नाही असं होत नाही. जरूर करा. पण सागवान अल्डरपेक्षा (बेसच्या बॉडीला नेहमी वापरतात ते लाकूड) बरंच जड असतं आणि तेलकटही. डिंक लावण्याआधी जोड ॲसिटोनने पुसून लगेच चिकटवा. आतून पोकळ्या काढल्या नाहीत तर रात्रभराच्या कार्यक्रमात खांदा बोलेल.

विकताना

पिकअप, ब्रिज, प्रीॲम्प (ॲक्टिव्ह बेसमधलं बॅटरीवरचं सर्किट) यांवर घातलेले पैसे विकताना परत येत नाहीत. गिऱ्हाईक मूळ बेसचा भाव देतं, उलट "खोललेला आहे" म्हणून कापतं. म्हणून पहिल्या दिवसापासून निघालेला प्रत्येक भाग, स्क्रूसकट, एका पिशवीत नाव लिहून ठेवा. विकायच्या वेळी जुने भाग परत बसवा आणि नवे वेगळे विका. आणि ज्या बेसवर कार्यक्रमांची सुपारी चालते तो, नवा हातात येऊन दोन-चार स्टेज झाल्याशिवाय विकू नका.

ऑनलाइन गिऱ्हाईक न बघता होकार देतं, भाव पाडत नाही, फौजी असल्याचं सांगतं आणि "पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करा" म्हणतं, तिथे फोन ठेवा. पैसे यायला यूपीआय पिन लागत नाही, पिन लागतो तो पैसे जाताना.

एसटी नाहीतर ट्रॅव्हल्सने पार्सल करायचं असेल तर तारा दोन-तीन सूर उतरवा, पूर्ण सोडू नका. तारा आणि फ्रेट यांच्यात कापड घाला. हेडस्टॉक खोक्याला टेकू देऊ नका, त्याच्या मागे-पुढे थर्माकोल नाहीतर जुनी चादर ठासून भरा, कारण टपावरून खोकं पडलं की पहिला घाव तिथेच बसतो. खोक्यावर "काच" लिहा. "गिटार" लिहिलेलं खोकं हमाल वाजवून बघतो.