सोलापुरातून आयकर न्यायाधिकरणापर्यंत: करकायद्यात उतरणाऱ्या मुलामुलींसाठी

आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात. वडील सुताच्या एका पेढीवर दिवाणजी होते. कीर्दीतली नोंद खतावणीत कशी उतरते, नावे आणि जमा यांचा मेळ कसा बसवायचा, हे मी शाळेत असतानाच त्यांच्या शेजारी बसून शिकले. पुढे बी.कॉम., एलएल.बी. केलं, गावातच चौदा वर्षं करांची वकिली केली आणि मग आयकर अपिलीय न्यायाधिकरणात न्यायिक सदस्य झाले. निवृत्त होऊन घरी परतल्यापासून विधी महाविद्यालयातली मुलं येतात. "मॅडम, टॅक्स कोर्टाचं जज कसं व्हायचं?" हा त्यांचा पहिला प्रश्न. त्यांना जे तोंडी सांगते ते इथे लिहिते आहे.

आपल्याकडे 'टॅक्स कोर्ट' या नावाचं न्यायालय नाही. आयकराच्या वादात ते काम हे न्यायाधिकरण करतं. २५ जानेवारी १९४१ रोजी सहा सदस्य आणि दिल्ली, कोलकाता, मुंबई अशा तीन खंडपीठांवर ते सुरू झालं. ते अर्थ मंत्रालयाच्या हाताखाली नाही, विधी व न्याय मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. कर वसूल करणाऱ्या खात्याकडे न्यायनिवाड्याची दोरी नसावी, म्हणून ही व्यवस्था. सोलापूरची अपिलं पुण्याच्या खंडपीठापुढे जातात.

करनिर्धारण अधिकाऱ्याचा आदेश पटला नाही तर आयुक्त (अपील), तिथेही समाधान झालं नाही तर न्यायाधिकरण. त्यापुढे उच्च न्यायालयात जाता येतं, पण कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच. म्हणजे पैसे खरोखर कुठून आले, माल खरोखर विकला गेला का, हे ठरवणारी शेवटची जागा न्यायाधिकरण. २०२० पासून आयुक्तांपुढची बहुतेक अपिलं चेहराविरहित पद्धतीने, म्हणजे समोरासमोर न येता ऑनलाइन चालतात. त्यामुळे करदात्याचं म्हणणं समोरासमोर ऐकलं जाण्याची पहिली संधीही अनेकदा इथेच मिळते. मला या कामाचं मोल वाटतं ते यामुळे.

खंडपीठावर दोघे असतात, एक न्यायिक सदस्य आणि एक लेखा सदस्य. दोघांचं जमलं नाही तर तो मुद्दा तिसऱ्या सदस्याकडे जातो. न्यायिक सदस्य होण्यासाठी वकिलाला किमान दहा वर्षांचा अनुभव लागतो. जिल्हा न्यायाधीश आणि भारतीय विधी सेवेतले अधिकारीही येतात. लेखा सदस्य चार्टर्ड अकाउंटंट किंवा महसूल सेवेतले असतात. वयाची अट आणि नेमणुकीची मुदत यांवर गेल्या काही वर्षांत सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाद गेले आहेत, म्हणून ऐकीव माहितीवर विसंबू नका. जाहिरात निघेल तेव्हा तीच वाचा.

माझी मुलाखत दिल्लीत झाली. यंत्रसामग्री बदलण्याचा खर्च महसुली की भांडवली, म्हणजे धंद्याचा चालू खर्च की टिकाऊ मालमत्तेवरचा, असा प्रश्न आला. मागाचा धोटा किंवा एखादा सुटा भाग बदलला तर दुरुस्ती, अख्खा माग नवा घेतला तर गोष्ट वेगळी, असं मी सांगितलं आणि मग त्यामागचा कायदा मांडला. कायदा सगळ्याच उमेदवारांना येत होता. माग मी पाहिलेला होता.

पण याच ओळखीने मला पुढे एक कठीण धडा शिकवला. परप्रांतातल्या एका यंत्रमागवाल्याचं अपील आमच्यापुढे आलं. त्याने बँकेतून मोठी रोकड काढली होती आणि दोन महिन्यांनी त्यातली बरीच परत भरली होती. आयकर खात्याने ती भरलेली रक्कम अघोषित उत्पन्न धरली. मला कागद वाचतानाच खूण पटली. आमच्याकडे गड्ड्याच्या जत्रेआधी, दिवाळीआधी मालक कामगारांना उचल देतात, ती पुढे मजुरीतून वळती होते, आणि उरलेली रोकड बँकेत जाते. वडिलांच्या वहीत मी हे शंभरदा पाहिलं होतं. तरी मला ते आदेशात लिहिता येत नव्हतं. न्यायाधीशाच्या डोक्यातली माहिती हा पुरावा होत नाही; तिच्यावर समोरच्या बाजूला उत्तर देता येत नाही. मी एवढंच विचारलं, "कामगारांची उचल कुठल्या वहीत लिहिता?" वकील गोंधळले. उचलीची वही होती, पण कुणी ती दाखलच केली नव्हती.

पक्षकाराला न्यायाधिकरणापुढे नवा पुरावा आणण्याचा हक्क नसतो. न्यायाधिकरणाला निकालासाठी गरज वाटली तर मात्र स्वतःच्या नियमावलीतल्या नियम २९ खाली ते तो मागवू शकतं. आम्ही वही मागवली, खात्याच्या प्रतिनिधींना ती तपासायला वेळ दिला आणि प्रकरण पडताळणीसाठी करनिर्धारण अधिकाऱ्याकडे परत पाठवलं. तेवढंच योग्य होतं.

संशय कितीही दाट असला तरी त्याच्यावर कर लावता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५९ साली उमर सालेह मोहम्मद सेट प्रकरणात सांगितलं. उलट कागद नीटनेटके असले म्हणून डोळे मिटायचे नाहीत, हे १९९५ च्या सुमती दयाल प्रकरणात. तिथे घोड्यांच्या शर्यतीत जिंकली म्हणून दाखवलेली रक्कम माणसाच्या सर्वसाधारण वागण्याच्या कसोटीवर टिकली नाही. हे दोन निकाल मुळातून, पुन्हा पुन्हा वाचा.

माझी एक चूकही सांगते. सुरुवातीच्या वर्षांत एका लांबलचक आदेशात अपिलातला एक मुद्दा निकाली काढायचा माझ्याकडून राहिला. करदात्याने चूकदुरुस्तीचा अर्ज केला, आणि त्या मुद्द्यापुरती सुनावणी पुन्हा घ्यावी लागली. एका छोट्या दुकानदाराला पुन्हा वकील, पुन्हा प्रवास. त्याचा चेहरा अजून आठवतो. त्या दिवसापासून आदेशावर सही करण्याआधी अपिलाचे सगळे मुद्दे एका कागदावर उतरवून एकेकावर खूण करायची सवय मी सोडली नाही.

राहणीही बदलते. बदल्या होतात, माझी पहिली नेमणूक कोलकात्याला होती आणि मुलगी तेव्हा आठवीत होती. जुन्या अशिलांशी बोलणं थांबतं. सोलापूरच्या ओळखीचं प्रकरण समोर आलं की आपण बाजूला व्हायचं. दिवसभर सुनावणी आणि रात्री आदेश, कारण सुनावणीनंतर साधारण साठ, फार तर नव्वद दिवसांत निकाल द्यावा असा नियम आहे.

मराठी माध्यमातल्या मुलांना इंग्रजीची धास्ती असते. मलाही होती. रोज एक निकाल मोठ्याने वाचायचा आणि त्यातली हकीकत मराठीत घरी कुणाला तरी सांगायची, एवढ्यावर माझी भीती गेली. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर अधिनियम २०२५ लागू आहे आणि कलमांचे आकडे बदलले आहेत, पण जुन्या वर्षांचे वाद १९६१ च्या कायद्याखाली बराच काळ चालतील. दोन्ही शेजारी ठेवून शिका. वकिलीची पहिली दोन वर्षं तरी अशा कार्यालयात काढा जिथे ताळेबंद तुमच्या हाताने लिहून घेतात.

आणि एकदा हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जा. सुनावणी सर्वांसाठी खुली असते. मागच्या रांगेत बसा, एकच प्रकरण निवडा, दोन्ही बाजू टिपून घ्या. परतीच्या गाडीत, कुर्डुवाडी यायच्या आत, त्या प्रकरणाची हकीकत आणि तुमचा निकाल एका पानात लिहा. खरा आदेश काही आठवड्यांनी संकेतस्थळावर येईल. तो आपल्या पानाशी ताडून पाहा आणि कुठली वस्तुस्थिती तुमच्या नजरेतून सुटली होती ती शोधा. ते पान घेऊन माझ्याकडे या.