म्हाताऱ्या माणसांची झोपेची गोळी : या चुका टाळा

सिंधुदुर्गात किनाऱ्यालगतच्या एका गावात माझं औषधांचं दुकान आहे. दिवेलागणीला कोणीतरी आजी रिकामी स्ट्रिप पुढे करतात, "माका झोपच येना नाय." चिठ्ठी मागितली की रुसतात. पण अल्प्राझोलम, डायझेपाम, झोल्पिडेम ही झोपेची-गुंगीची औषधं शेड्यूल एच-१ या सरकारी यादीतली. चिठ्ठीशिवाय ती देता येत नाहीत, आणि दिल्याची नोंद आम्हाला ३ वर्षं जपावी लागते. आजी रुसल्या तरी चालेल, मी देत नाही.

पहिली चूक इथेच होते. आजोबा गेले तेव्हा डॉक्टरांनी पंधरा दिवसांसाठी लिहिलेली गोळी पाच वर्षं चालू राहते. मुंबईचा मुलगा तीन महिन्यांचा साठा आणून देतो, त्यामुळे पुन्हा तपासणी होतच नाही. वय वाढलं की यकृताचं काम मंदावतं आणि गोळी अंगात रेंगाळते. अल्प्राझोलमची रक्तातली मात्रा निम्मी व्हायला तरुणांत साधारण ११ तास लागतात, म्हाताऱ्या माणसांत १६. क्लोनाझेपाम या तशाच गोळीला ३० ते ४० तास. म्हणजे क्लोनाझेपामची आजची गोळी घेताना कालची निम्म्याहून जास्त अंगातच असते. गणपतीला आलेली मुलं म्हणतात, आई हल्ली विसरते, वय झालं. प्रत्येक वेळी ते वयच असतं असं नाही.

मग एखादा मुलगा काळजीपोटी सगळ्या स्ट्रिपा केरात टाकतो. ही सर्वांत धोक्याची चूक. बरीच वर्षं घेतलेली गोळी एका रात्रीत तोडली तर झोप पूर्ण उडते, हात कापतात, घाम फुटतो, माणूस असंबद्ध बोलतो, क्वचित फिटही येते. काही घरांत हे बाहेरचं लागलं समजून गाऱ्हाणं घातलं जातं आणि दवाखाना राहून जातो. गोळी सुटते, पण हळूहळू. डॉक्टर बहुधा दर दोन आठवड्यांनी थोडी थोडी कमी करतात, शेवटचा टप्पा तर आणखी सावकाश. नावापुढे 'एसआर' (औषध हळूहळू सोडणारी गोळी) असेल तर ती घरी मोडू नका.

एकच औषध दोन नावांनी पोटात जाणं ही माझ्या काउंटरवर वारंवार दिसणारी गोष्ट. उदासीसाठी दिलेल्या एस्सिटॅलोप्रामच्या काही गोळ्यांत क्लोनाझेपाम मिसळलेलंच असतं, आणि वर झोपेसाठी ते वेगळंही चालू असतं. पोटात मुरडा येतो म्हणून मिळणाऱ्या काही गोळ्यांत क्लोरडायझेपॉक्साइड असतं. तीही गुंगीच्याच जातीची. म्हणून डॉक्टरांकडे जाताना नुसती फाइल नको, घरातल्या सगळ्या स्ट्रिपा पिशवीत भरून न्या.

"झोपेसाठी त्यापेक्षा सर्दीची गोळी साधी" हा समज तर मोडायलाच हवा. क्लोरफेनिरामिनसारख्या जुन्या औषधांनी झापड येते खरी, पण बद्धकोष्ठ होतो, भ्रम होतो, आणि प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांची लघवी तुंबते. दारू, माडी, फेणी यांतलं काहीही गोळीसोबत नकोच. श्वास मंदावतो.

आता रात्रीचं. आपल्याकडे अजून कितीतरी घरांत संडास परसात आहे. चार जांभ्याच्या पायऱ्या, पावसाळ्यात त्यांवर शेवाळ, त्यातच वीज गेलेली. गोळी घेतलेलं माणूस दोन वाजता उठतं, तोल जातो, आणि खुब्याचं हाड मोडतं. गोळी चालू आहे तोवर खाटेजवळ भांडं आणि बॅटरी ठेवा, भिंतीला धरायला बांबू ठोका, उठल्यावर आधी क्षणभर बसायला सांगा. लघवी जास्त करणारी बीपीची गोळी रात्री असेल तर ती सकाळी घेता येईल का, तेही विचारा. कित्येकांची झोप तिच्यामुळेच मोडते.

गोळी वाढवण्याआधी दिवसही पाहा. जेवणानंतर दोन तासांची वामकुक्षी, संध्याकाळी पाचनंतर दोनदा चहा, आठला अंथरूण. मग पहाटे तीनला जाग येणारच, झोप पुरी झालेली असते.

घोरणं थांबून श्वास अडकत असेल किंवा दमा असेल, तर झोपेची गोळी मागण्याआधी डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. आणि गोळी घेतलेलं माणूस हलवूनही जागं होत नसेल, श्वास संथ लागत असेल, तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करा आणि स्ट्रिप सोबत घ्या.