कमी वॅटच्या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरसाठी स्पीकर आणि सबवूफर कसे निवडावेत

२ए३ या व्हॉल्व्हवर (जुन्या रेडिओत असे तशा काचेच्या नळीवर) चालणारा, प्रत्येक बाजूला जेमतेम साडेतीन वॅट देणारा ॲम्प्लिफायर मी दारव्हा तालुक्यातल्या आमच्या घरी आणला, तेव्हा त्याच्यासोबतचे स्पीकर मी केवळ रूप पाहून घेतले. ते लहान, देखणे आणि ८७ डेसिबलचे होते. हलक्या आवाजात गाणे गोड लागे. पण गावच्या भजनी मंडळाचे ध्वनिमुद्रण लावले, की खंजिरीच्या प्रत्येक थापेला आवाज फाटे आणि तिच्या चकत्यांचा छणछणाट कागदामागून आल्यासारखा ऐकू येई. दोन महिने मी व्हॉल्व्ह बदलून पाहिले, वायरी बदलून पाहिल्या. दोष ॲम्प्लिफायरचा नव्हताच. साडेतीन वॅटला जे झेपणार नव्हते ते काम मी त्याच्या गळ्यात घातले होते. म्हणून ज्यांच्याकडे असा ॲम्प्लिफायर आहे किंवा येणार आहे, त्यांनी आधी कागदावर हिशेब मांडावा आणि मगच दुकानाची पायरी चढावी.

हिशेब अवघड नाही. स्पीकरला एक वॅट दिला असता एक मीटरवर किती डेसिबल आवाज मिळतो, त्याला त्याची संवेदनशीलता म्हणतात. वॅट दुप्पट केले की तीन डेसिबल वाढतात आणि दहापट केले की दहा. बारा बाय पंधरा फुटांच्या बैठकीत तीन मीटरवर बसून मन भरेल असे ऐकायचे, तर सरासरी आवाज ७८ ते ८० डेसिबल असतो. मात्र तबल्याची, खंजिरीची थाप त्याच्याही वर अठरा-वीस डेसिबलने उसळते, म्हणजे बसल्या जागी सुमारे ९८ डेसिबलची तयारी हवी. अंतरामुळे बंद खोलीत साधारण सहा डेसिबल कमी होतात आणि दोन स्पीकर मिळून तीन परत मिळतात, त्यामुळे एका स्पीकरकडून एक मीटरवर १०१ डेसिबल मिळाले पाहिजेत. साडेतीन वॅट म्हणजे एका वॅटपेक्षा साडेपाच डेसिबल जास्त. तेव्हा २ए३साठी ९६ डेसिबलचा स्पीकर लागतो. वेस्टर्न इलेक्ट्रिकने १९३८ मध्ये आणलेल्या ३००बी या व्हॉल्व्हचा एकेरी (प्रत्येक बाजूला एकच आउटपुट व्हॉल्व्ह असलेला) ॲम्प्लिफायर आठ वॅटच्या आसपास देतो, त्याला ९२ डेसिबल पुरतात. ईएल८४ या व्हॉल्व्हच्या जोडीवर चालणारा बारा वॅटचा असेल, तर ९० डेसिबलवरही निभावते.

आपल्या गरजेचे मोजमाप घरातल्या घरात करता येते, आणि हे मोजमाप मला कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा मोलाचे वाटते. सध्या जो ॲम्प्लिफायर आणि जे स्पीकर असतील त्यांवर, आपण कधीकाळी जास्तीत जास्त जेवढ्या मोठ्याने ऐकतो तेवढ्या आवाजात आवडते गाणे लावावे आणि मग व्हॉल्यूमच्या बटणाला हात न लावता त्याच फोनवरून किंवा प्लेअरवरून १२० हर्ट्झचा, कमाल पातळीपेक्षा १२ डेसिबल खाली ध्वनिमुद्रित केलेला सलग सूर वाजवावा. साधा मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून स्पीकरच्या दोन टोकांना लावावा आणि जो आकडा येईल त्याला चारने गुणावे. तो गाण्यातल्या सर्वांत मोठ्या उसळीचा व्होल्ट. त्याचा वर्ग करून स्पीकरच्या ओहमने (त्याच्यावर लिहिलेल्या विद्युत रोधाने) भागले की वॅट मिळतात. त्या ८७ डेसिबलच्या स्पीकरवर, एका उसन्या ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरच्या जोरावर, मला मीटरवर दोन व्होल्ट दिसले. चारने गुणून आठ, आठाचा वर्ग चौसष्ट, आठ ओहमने भागून आठ वॅट. माझ्याकडे होते साडेतीन. तेवढाच आवाज ९५ डेसिबलच्या स्पीकरवर सव्वा वॅटपेक्षा किंचित जास्त शक्तीत मिळतो, हे कळल्यावर खंजिरी का फाटत होती ते वेगळे सांगावे लागले नाही. मोजणी स्पीकरच्या टोकांवरच करावी, व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरचे झाकण उघडू नये, कारण आत तीनशे-चारशे व्होल्टचा डीसी असतो. तसेच स्पीकर जोडल्याशिवाय असा ॲम्प्लिफायर कधीही चालू करू नये. त्याने आउटपुट ट्रान्सफॉर्मर (व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांना जोडणारा) जळू शकतो.

लग्नाच्या मांडवावर बांधलेला भोंगा मोजक्या वॅटवर शेजारच्या गावापर्यंत कसा पोहोचतो, हे कोडे लहानपणी अनेकांना पडले असेल. त्यात कोणताही चमत्कार नाही. स्पीकरच्या उघड्या कोनाला (थरथरणाऱ्या पडद्याला) हवा नीट पकडता येत नाही. ९२ डेसिबलचा स्पीकरसुद्धा मिळालेल्या विजेतला सुमारे एक टक्काच आवाजात उतरवतो. भोंग्याची हळूहळू रुंदावत जाणारी नळी त्या इवल्याशा पडद्याची आणि बाहेरच्या हवेची सांगड घालते. पूर्वीच्या टॉकीजमध्ये हेच तत्त्व मोठ्या प्रमाणावर वापरले जाई, कारण तेव्हाचे ॲम्प्लिफायर कमी वॅटचे असत. पॉल क्लिप्श यांनी १९४६ मध्ये अमेरिकेत कंपनी काढून घराच्या कोपऱ्यात बसणारा भोंगा विकायला घेतला तोही याच विचाराने. १९५४ मध्ये एडगर व्हिल्चर यांचा लहान, हवाबंद खोक्याचा एआर-१ स्पीकर आला. त्याचा खर्ज खोल होता, पण वॅट खाणारा होता. पुढे ट्रान्झिस्टरने वॅट स्वस्त केले आणि बाजार लहान खोक्यांनी भरला. खोल खर्ज, लहान खोका आणि जास्त संवेदनशीलता या तिन्हींपैकी दोनच मिळतात, याला या क्षेत्रात हॉफमनचा लोहनियम म्हणतात, आणि आपली निवड त्यानेच ठरते. आपल्याला संवेदनशीलता सोडता येत नाही, म्हणून मोठा खोका तरी पत्करावा नाहीतर खोल खर्जाचे काम दुसऱ्याकडे सोपवावे.

माहितीपत्रकातला आकडा वाचताना मात्र सावध राहावे. बहुतेक कंपन्या एक वॅटऐवजी २.८३ व्होल्टवर मोजलेला आकडा छापतात. आठ ओहमच्या स्पीकरला तेवढ्या व्होल्टमध्ये एकच वॅट मिळतो, चार ओहमच्या स्पीकरला दोन. म्हणून चार ओहमच्या स्पीकरच्या आकड्यातून तीन डेसिबल वजा करूनच तुलना करावी.

ओहमचा विचार त्याहून खोलवर करावा लागतो. फीडबॅक (आउटपुटचा अंश परत आत देऊन चूक सुधारण्याची सोय) नसलेल्या एकेरी व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरचा स्वतःचा आउटपुट रोध दोन-तीन ओहम असतो, त्यामुळे स्पीकरचा रोध जिथे वर जाईल तिथे आवाज फुगतो आणि जिथे खाली येईल तिथे दबतो. ज्या स्पीकरचा रोध आठ ओहमच्या आसपास राहतो, सहाच्या खाली जात नाही आणि ज्याच्या क्रॉसओव्हरमध्ये (खालचे आणि वरचे सूर वेगवेगळ्या कोनांना वाटणाऱ्या सर्किटमध्ये) फार गुंतागुंत नाही, तोच घ्यावा. ॲम्प्लिफायरच्या मागे ४, ८ आणि १६ ओहमची टोके असल्यास तीनही जोडून ऐकावीत; कित्येकदा कागदावरच्या टोकापेक्षा शेजारचे टोक अधिक घट्ट खर्ज देते.

प्रकारांत दोनच मार्ग मला पटतात. पहिला, सगळे सूर एकट्याने वाजवणारा आठ इंची फुलरेंज कोन, त्यात क्रॉसओव्हरच नसतो. फॉस्टेक्स आणि लोथर यांचे असे कोन प्रसिद्ध आहेत; गायकाचा गळा त्यांवर समोर बसल्यासारखा येतो, परंतु खर्ज ८०-१०० हर्ट्झच्या खाली ओसरू लागतो आणि काही कोन मधल्या पट्टीत कर्कश होतात. दुसरा मार्ग म्हणजे कार्यक्रमांसाठी बनवलेला बारा इंची कागदी वूफर (खर्ज वाजवणारा मोठा कोन) आणि त्याच्यावर कॉम्प्रेशन ड्रायव्हरचा (वरचे सूर वाजवणाऱ्या छोट्या पडद्याचा) भोंगा. सेलेस्टियन, बेयमा, एमिनन्स यांचे ९६ डेसिबलच्या पुढचे असे वूफर मिळतात, ते राकट असतात आणि गावच्या वातावरणात टिकतात. भोंगा वूफरपेक्षा दहा डेसिबलने जोरकस असतो, म्हणून एल-पॅड (आवाज कमी करणारा रोध) लावून त्याला आवरावे लागते. जागा असेल तर मी दुसराच मार्ग सुचवीन, कारण थाप, टाळी आणि तारेचा आघात त्यावर जिवंत वाटतो.

आपल्याकडचे हवामानही निवडीत धरावे. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या पुढे आणि जुलैत ओल, अशा चक्रात कोनाच्या कडेचे फोम काही वर्षांत भुगा होऊन गळते. लेप दिलेल्या, चुणीदार कापडाची कडा टिकते. भुशाच्या पाट्यांचा खोका ओलीने फुगतो, म्हणून १८ मिमीचे चांगले प्लायवूड वापरावे आणि वाळवीसाठी तळ जमिनीपासून उचलून ठेवावा. समोर बारीक लोखंडी जाळी अवश्य बसवावी. उंदराने एका रात्रीत कुरतडलेला कोन मी हातात धरून पाहिला आहे.

आता खर्ज. वर सांगितलेले स्पीकर ६०-७० हर्ट्झच्या खाली थकतात, आणि तिथे स्वतःचा ॲम्प्लिफायर असलेला सबवूफर कामाला येतो. त्याची संवेदनशीलता पाहू नये, कारण त्याचे वॅट व्हॉल्व्हमधून येत नाहीत. लोहनियमातली जी सूट स्पीकरला देता येत नाही ती इथे बिनधास्त द्यावी. दहा किंवा बारा इंची, शक्यतो हवाबंद खोक्याचा आणि दीडशे-दोनशे वॅटचा घ्यावा. गाडीतला किंवा स्वतःची वीज नसलेला सबवूफर व्हॉल्व्हला मुळीच जोडू नये. होम थिएटरच्या संचासोबत येणाराही टाळावा, कारण तो बहुधा फार वरपर्यंत वाजतो आणि त्याला स्पीकरच्या पातळीची जोडणी नसते.

ही स्पीकर-पातळीची जोडणी असणे मला आवश्यक वाटते. ॲम्प्लिफायरच्या स्पीकर टोकांवरूनच बारीक तारा सबवूफरकडे नेल्या, की तो त्यातून जवळपास काहीही शक्ती घेत नाही आणि खर्जालाही व्हॉल्व्हचाच रंग येतो. तेव्हा सबवूफरची सीमा (ज्याच्या वरचे सूर तो सोडून देतो तो हर्ट्झ) ५० ते ६० हर्ट्झवर ठेवून सुरुवात करावी. याउलट व्हॉल्व्हचा भार आणखी हलका करायचा असल्यास त्याच्या इनपुटला मालिकेत लहान कंडेन्सर जोडता येतो. इनपुटचा रोध एक लाख ओहम असल्यास ०.०२२ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर ७२ हर्ट्झच्या खालचा खर्ज उतरवत नेतो, आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरलाही उसंत मिळते. मात्र मग सबवूफरचा सिग्नल कंडेन्सरच्या आधी, प्रीॲम्पवरूनच (मुख्य ॲम्प्लिफायरच्या आधीच्या भागावरूनच) घ्यावा, अन्यथा त्याच्यापर्यंत खर्ज पोहोचणारच नाही. गुणगुण ऐकू आल्यास प्लगची अर्थिंगची पिन तोडू नये. घराची अर्थिंग नीट करून घ्यावी. लोडशेडिंगसाठी इन्व्हर्टर असेल तर तो शुद्ध साइन वेव्हचाच असावा.

जागा शोधण्यासाठी सबवूफर आपल्या बसण्याच्या जागी ठेवावा, खर्जाचे गाणे लावावे आणि आपण भिंतीकडेने रांगत जाऊन जिथे खर्ज सर्वांत सारखा ऐकू येईल तिथे तो नेऊन ठेवावा. कवेलूच्या घरात फटींमधून खर्ज निसटतो, तिथे कोपरा जवळ केलेला बरा. टिनाच्या छताखाली ३० ते ८० हर्ट्झचा सूर हळूहळू चढवत न्यावा. जिथे पत्रा खडखडेल तिथला हुक आवळून रबराचा वॉशर बसवावा. मग सीमेच्या हर्ट्झवरचाच सूर लावून सबवूफरचा फेजचा (सूर उलटा-सुलटा करणारा) खटका ० आणि १८० वर फिरवावा आणि ज्यावर आवाज मोठा येईल तो ठेवावा. शेवटी ओळखीचे भजन लावून सबवूफरचा आवाज शून्यापासून वाढवावा. तो वाजतो आहे असे जाणवू लागताच बटण किंचित मागे घ्यावे, आणि दुसऱ्याला तो बंद करायला सांगून पाहावे: ढोलकीचे अंग एकदम बारीक झाले, तर पातळी बरोबर लागली आहे.